एका रुपयाचं आश्चर्य

सान्वी, आरोही, अनन्या अशा नावांच्या मुली लग्नाच्या झाल्या आणि त्यांचे आईबाप पन्नाशीला टेकले, त्या सुमाराची ही गोष्ट. बार्शीच्या परस्परविश्वास नागरी सहकारी बँकेत तेव्हा 'अंतर्यामी' नावाचं यंत्र बसवलं होतं. बँकेचं नाव जुनं होतं, यंत्र नवं. दोन्ही एकाच पाटीवर आल्यापासून येणारेजाणारे पाटीकडे जरा संशयानेच बघत.

दुसऱ्या मजल्यावर कोपऱ्यात 'मानवी निरीक्षण कक्ष' होता. तिथे हर्षदा सुरवसे बसायच्या. पंचवीस वर्षं बँकेत काढल्यावर त्यांना मिळालेलं हे पद. काम एवढंच, की यंत्राने दिलेल्या निकालाखाली माणसाची सही हवी. कायदा तसा होता. सही कुणाच्या बाजूने करायची याबद्दल कायद्यात काही नव्हतं, पण पगार कोण देतं हे सगळ्यांना माहीत होतं.

मूळ भानगड अशी. खात्यात पैसे नसले तरी पन्नास हजारांपर्यंत कमी पडणारा व्यवहार बँकेने अडवायचा नाही, असा नियम आला होता. दवाखान्याच्या काउंटरवर 'शिल्लक अपुरी' असं वाचून कुणी परत फिरू नये, हा त्यामागचा चांगला हेतू. खातं खाली गेलं की बँक खड्डा भरायची आणि त्यासाठी पाचशे नव्वद रुपये आकारायची. खड्डा चाळीस हजारांचा असो की चार रुपयांचा, आकार तोच. लोकांनी आरडाओरडा केला. हा अन्याय आहे, आम्हाला कुठे माहीत होतं शिल्लक संपलीय म्हणून? तेव्हा नियामकांनी डोकं लावलं. ज्याला माहीत नव्हतं त्याला आकार नाही, ज्याला माहीत होतं त्याला पूर्ण आकार. याहून न्याय्य काय असणार?

आता कुणाला काय माहीत होतं हे ठरवायचं कसं? तेवढ्यासाठी अंतर्यामी.

यंत्रामागचं शास्त्र बारकं पण खरं होतं. माणसाला अनपेक्षित काही दिसलं की त्याचं हृदय दोनतीन ठोके किंचित मंद होतं. झुडपात खसफस झाली की हरीण जसं थबकतं, तसं. शरीर आधी थांबतं, मग विचार करतं. प्रत्येक ठोक्याला चेहऱ्याच्या कातडीखालचं रक्त कमीजास्त होतं आणि रंग हलतो, डोळ्याला न कळण्याइतका. मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्याला तो कळतो. व्यवहार पूर्ण झाला, पडद्यावर लाल अक्षरांत वजा शिल्लक उमटली, त्या क्षणी ठोके थबकले तर माणूस दचकला. म्हणजे त्याला माहीत नव्हतं. आलेख सपाट राहिला तर आश्चर्य नाही, आणि आश्चर्य नाही म्हणजे माहिती होती.

वर्षभरात हर्षदाबाईंना एक गोष्ट कळून चुकली होती, जी यंत्र बनवणाऱ्या पुण्याच्या पोरांना कुणी सांगितली नव्हती. गरिबाला आपली शिल्लक पाठ असते.

कालचीच गोष्ट. कापडाचे व्यापारी दोशीशेठ वर्षभरात चौऱ्याऐंशी वेळा खाली गेले होते, आणि चौऱ्याऐंशी वेळा त्यांचा आलेख असा खोल गेला होता, की जणू विहिरीत बादली सोडलीय. बारा खाती, कुठल्यात काय, शेठना खरंच ठाऊक नसायचं. आकार शून्य. त्यांच्यानंतर पांडे चौकात भाकरी विकणाऱ्या सुमनताई आल्या. वजा बारा रुपये. आलेख ओट्यासारखा सपाट.

"ताई, तुम्हाला माहीत होतं?"

"आता गॅस संपल्यावर काय करू बाई? बारा रुपये कमी पडणार हे तर टाकी हलवली तेव्हाच कळलं."

पाचशे नव्वद. हर्षदाबाईंनी सही केली.

गावात एव्हाना 'आश्चर्य वर्ग' निघाले होते. महिना आठशे रुपये, दचकायला शिकवत. दम रोखा, पोट आत घ्या, भुवया वर. फी भरताना खातं खाली गेलं तर तोच पहिला सराव.

या कामाचा परिणाम घरावर व्हायचा तो झालाच. आलेख बघून बघून हर्षदाबाईंना आता माणूस बोलतो काय यापेक्षा बोलायच्या आधी किती थांबतो ते ऐकू यायचं. नवरा प्रमोद म्हणाला, "भाजी छान झालीय," की त्या मनात मोजायच्या. दीड सेकंद. म्हणजे मीठ जास्त पडलंय.

"तू माझ्याकडं असं बघू नको बाई," प्रमोद म्हणायचा, "मी खातं नाही, नवरा आहे."

पण संशय पेरण्यात तो स्वतःही मागे नव्हता. दोन महिन्यांपूर्वी सान्वीचं लग्न झालं. आहेर लिहीत बसायला माणूस कोण देणार, म्हणून त्याने मांडवाच्या दाराशीच पाटी लावली होती. पाटीवर चार चौकटी: पाच हजार एक, अकरा हजार एक, एकवीस हजार एक, एक्कावन्न हजार एक. आपल्या ऐपतीची चौकट स्कॅन करा आणि आत जेवायला जा. वरचा रुपया आधीच घातलेला. शुभ काम आणि सुट्ट्याची कटकट नाही. लग्नानंतर प्रमोदने यादी मोठ्याने वाचली, आणि एका नावावर थांबला.

"योगिराज ढेंगळे. अकरा हजार एक. सख्खा मामा!"

"असू दे ना," हर्षदाबाई म्हणाल्या. अर्ध्या सेकंदात. फार लवकर, हे त्यांचं त्यांनाच जाणवलं.

"असू दे कसं? एकुलती एक भाची. अंतरपाटामागं उभा राहिला, फोटो काढले. वैरागचा प्लॉट विकला त्यानं गेल्या वर्षी. नऊ लाख. तू हक्कसोड लिहून दिलीस, बदल्यात काय मिळालं? एक साडी. तीही सेलमधली."

"आईच्या आजारपणात त्याचं बरंच…"

"चारपाच वर्षं आपण पाच हजार पाठवले की महिन्याला. एकदा तरी चुकवले? बघ बाई, तुझा भाऊ. मी काय बोलणार." एवढं सगळं बोलून झाल्यावरच तो हे म्हणाला.

तेव्हापासून नऊ लाखांचा खडा हर्षदाबाईंच्या चपलेत होता. चालता येत होतं, पण प्रत्येक पावलाला आठवण होत होती.

आणि मंगळवारी पडद्यावर हरकतीचा अर्ज आला. अर्जदार योगिराज ढेंगळे, बॅटरी दुरुस्ती, वैराग. खातं खाली गेल्याची रक्कम एक रुपया. आकार पाचशे नव्वद. आलेख सपाट.

त्यांनी फाइल उघडली. व्यवहाराआधीची शिल्लक बरोबर अकरा हजार. पाटीसमोर चार मिनिटं दहा सेकंद. आधी एक्कावन्न हजार एकची चौकट, रद्द. मग एकवीस हजार एक, रद्द. मग अकरा हजार एक. आधी मोठं मन, मग मध्यम, मग लहान, असं ते सरळ खाली उतरत आलं होतं. बँकेत बसलेल्या माणसाला शिल्लक नेमकी अकरा हजार दिसते तेव्हा तो म्हणतो, बाकीचे कुठे ठेवलेत?

फाइलच्या पहिल्याच पानावर एक रकाना होता: 'अर्जदाराशी नाते'. तिथे 'भाऊ' लिहिलं असतं तर प्रकरण सोलापूरच्या शाखेकडे गेलं असतं. हर्षदाबाईंनी 'नाही' लिहिलं आणि गुरुवारी अकराची वेळ दिली.

योगिराज वेळेवर आला. धुतलेला शर्ट, एका हातात कापडी पिशवी, दुसऱ्या हाताच्या बोटांवर बॅटरीच्या आम्लाचे जुने डाग. दारातच थबकला.

"तू होय!"

"मीच. बस दादा." त्यांनी आवाज शक्य तेवढा सरकारी ठेवला. "इथे कॅमेरा आहे. दोघांचंही रेकॉर्ड होतं. न्यायासाठी."

"होऊ दे की. मला काय, मी काय चोरी केलीय?" तो खुर्चीच्या टोकावर बसला. "सान्वी बरीय? जावई?"

"बरे आहेत. वहिनी?"

"तिची आपली कंबर. प्रमोदपाव्हण्यांना सांग, आंबे पाठवतो म्हणून."

मग दोघंही गप्प झाले. चार सेकंद, हर्षदाबाईंनी मोजले.

"हे बघ दादा," त्या हळूच म्हणाल्या, "तू नुसतं म्हण, मला माहीत नव्हतं. गडबडीत होतो, लग्नघर होतं. बाकीचं मी बघते."

"पण मला माहीत होतं की."

"अरे, म्हणायला काय जातं?"

"खोटं कशाला म्हणू? अकरा हजार होते, अकरा हजार एक पाठवले. एवढं न कळायला मी काय दोशीशेठ हाय?"

"मग हरकत कशाला घेतलीस? माहीत होतं म्हणतोस तर आकार भरावा लागेल."

"भरतो की. पाचशे नव्वदचं काय नाय." त्याने खिशातून नोटिशीची घडी काढली, टेबलावर उलगडली, डाग पडलेलं बोट एका ओळीवर ठेवलं. "हे वाच. 'आपण बँकेचा रुपया एक जाणीवपूर्वक वापरला.' हे खोडून दे. भाचीच्या आहेरातला रुपया बँकेचा नव्हता. माझा होता."

"खात्यात नव्हता तो."

"खात्यात नव्हता. खिशात होता." आता त्याने शर्टाच्या खिशातून लग्नाचं पाकीट काढलं. लाल, सोनेरी गणपती, आणि कोपऱ्यात चिकटवलेलं एक रुपयाचं नाणं. त्या दिवसांत नाणं बघायला मिळायचं ते अशा पाकिटावरच. "हे घेऊन आलो होतो मी मांडवात. वाटलं, अकरा हजार मोबाइलवरनं देऊ आन् रुपया हातात देऊ. तर दारात तुमची पाटी. अकरा हजाराची चौकटच नाय. रुपया आत घालूनच बसलेला. माझा रुपया घ्यायला जागाच ठेवली नव्हती तुम्ही."

हर्षदाबाई पाकिटाकडे बघत राहिल्या. पाटी प्रमोदची. चौकटीतल्या रकमा मात्र त्यांनी स्वतः, याच टेबलावर बसून, ठरवल्या होत्या.

पण चपलेतला खडा इतक्यात निघणारा नव्हता. त्यांच्या पडद्यावर भावाचा आलेख संथ सरकत होता. यंत्र खोटं पकडू शकत नाही, फक्त दचकणं पकडतं, हे त्यांना ठाऊक होतं. पण दचकवलं तर? ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याला 'तुझे पैसे सापडले' म्हटलं तर तो दचकणारच. ज्याच्याकडे आहेत तो दचकेल कशाला?

"एक्कावन्न हजार दाबून रद्द केलेस तू," त्या म्हणाल्या. "मग एकवीस."

"दाबून बघितलं. दिले असते की तुझ्या बँकेनं, पन्नासपर्यंत अडवत नाय म्हणं. घेतलं असतं तर गावात माझी मान ताठ. पण म्हटलं, बँकेच्या पैशानं आहेर करायचा तर बँकेलाच उभं करू अंतरपाटामागं."

एरवी त्या हसल्या असत्या. आज नजर पडद्यावर होती. आणि मग, अगदी साध्या आवाजात, चहा घेणार का विचारावं तसं, त्या म्हणाल्या:

"दादा, प्लॉटचे नऊ लाख तुझ्या नावावर दुसऱ्या बँकेत दिसतायत."

हे पूर्ण खोटं होतं. असं काही दिसत नव्हतं.

आलेख हलला नाही. एक ठोका, दुसरा, तिसरा. सपाट. सुमनताईंच्या ओट्यासारखा.

म्हणजे आहेत. प्रमोद खरं बोलत होता. साडीही सेलमधलीच होती.

योगिराजने नोटिशीची घडी घातली. पहिल्याच घडीवर, काळजीपूर्वक.

"इतके दिवस लागले तुला इचारायला?" तो म्हणाला.

"म्हणजे?"

"हक्कसोडीवर सही केलीस ना तू, तहसीलात, त्या दिवसापास्नं वाट बघतोय मी या प्रश्नाची. त्या दिवशीच तुझ्या तोंडावर लिहिलं होतं. दिवाळीला आलीस तेव्हा वाटलं, आज इचारते. भाऊबीजेला वाटलं. लग्नात पाव्हणे माझ्या ताटाकडं बघत होते तेव्हा वाटलं. आज इचारलंस. बरं झालं, सुटलो."

पडद्यावरचा आलेख अजून सपाटच होता. तो दचकला नव्हता, एवढं यंत्राने बरोबर सांगितलं होतं. कशाला दचकला नव्हता, ते सांगायची सोय यंत्रात नव्हती. नऊ लाख ऐकून नव्हे, बहिणीचा संशय ऐकून. तो त्याला तोंडपाठ होता, शिल्लकीसारखा.

त्याने कापडी पिशवी टेबलावर ठेवली. तोंडाला सुतळीची गाठ होती.

"सगळ्या पावत्या हाईत. आईच्या. हे नोटीस आलं तवाच वाटलं, बँक हाय, तू हाईस, कुठंतरी इषय निघणारच. म्हणून घेऊन आलो. आठवड्याला दोन डायलिसिस. महिन्याला आठ खेपा, एकेक अडीच हजाराची. तुझ्या पाच हजारात दोन व्हायच्या. बाकीच्या सहा मी उसन्यानं केल्या, चार वर्षं. प्लॉट त्यात गेला."

हर्षदाबाईंची नजर गाठीवर गेली.

"सोड गाठ, बघ," तो म्हणाला. "एकेक लावून ठेवलीय. पण एक सांगतो हर्षू. ही पिशवी तू बघितलीस तर मग हा हिशोब झाला. मग अकरा हजार एकचाबी हिशोब होईल, साडीचाबी होईल. आन् हिशोब झाल्यावर आपल्यात राहील काय, ते तू ठरव. तू बँकेतली हाईस."

सुतळीची गाठ हातभरावर होती. आईने धान्याच्या पोत्यांना घालायची तशीच, दुहेरी.

"नको," हर्षदाबाई म्हणाल्या.

योगिराजने मान हलवली. त्याच्याकडे यंत्र नव्हतं, पण त्यानेही मोजलं असावं. पिशवी उचलली आणि उठला.

"वैरागची गाडी साडेबाराची हाय. पाकीट ऱ्हाऊ दे इथं. रुपया भरून घे, बँकेचं देणं ठेवायचं नाय मला."

"दादा, आता नाणं भरता येत नाही रे. काउंटरच नाही."

"मग सान्वीला दे. तिचाच हाय."

जिन्यावरून त्याची पावलं खाली गेली. हर्षदाबाईंनी निकालाचा नमुना उघडला. सुनावणीचा अहवाल यंत्राने तयार करून ठेवलाच होता, आलेखांसकट. वर अर्जदार, खाली निरीक्षक. आपलाही चेहरा नोंदला जातो हे त्यांनीच मघाशी भावाला सांगितलं होतं. वर्षभरात स्वतःची रेषा त्यांनी एकदाही बघितली नव्हती. आज बघितली.

'नऊ लाख' या शब्दाशी अर्जदाराची रेषा सपाट होती. त्यापुढे दोन मिनिटांनी, 'आठ खेपा, अडीच हजार, तुझ्या पाच हजारात दोन' या वाक्याशी निरीक्षकाची रेषा होती. तीही सपाट. जराही थबकलेली नाही. खाली यंत्राने नेहमीच्या निर्विकार अक्षरांत छापलं होतं: 'आश्चर्य आढळले नाही. निरीक्षकास माहिती होती.'

आठ गुणिले अडीच हजार. पंचवीस वर्षं बँकेत काढलेल्या बाईला हा गुणाकार येत नव्हता, असं कोण म्हणेल? महिन्याच्या एक तारखेला पाच हजार पाठवायचे आणि बाकीचे पंधरा कुठून येतात ते विचारायचं नाही. चार वर्षं, म्हणजे अठ्ठेचाळीस वेळा. एकदाही चुकवलं नव्हतं.

त्या पहिल्या पानावर परत गेल्या. 'अर्जदाराशी नाते' या रकान्यातलं 'नाही' खोडलं आणि तिथे 'भाऊ' लिहिलं. यंत्राने लगेच नियम अकरा दाखवला: नाते दडवल्यास सुनावणी रद्द, अर्जदाराचा आकार रद्द, नोटीस मागे, आणि तेवढी रक्कम निरीक्षकाच्या खात्यातून वसूल. शिवाय वरिष्ठांकडे अहवाल. त्यांनी सही केली. वर्षभरात बँकेच्या विरुद्ध केलेली ही पहिलीच.

टेबलावरचा मोबाइल थरथरला. पाचशे नव्वद रुपये वजा. सान्वीच्या लग्नानंतर खात्यात फारसं काही उरलं नव्हतं. किती उरलं होतं ते त्यांना पाठ होतं. लाल अक्षरं उमटली, वजा एकशे बारा, आणि खाली नेहमीचा प्रश्न: 'याची आपणास पूर्वकल्पना होती का?' वरचा इवलासा कॅमेरा जागा झाला आणि त्यांच्या कपाळाकडे बघू लागला.

आश्चर्य वर्गात काय शिकवतात ते त्यांना माहीत होतं. दम रोखा, पोट आत, भुवया वर. त्यांनी त्यातलं काहीही केलं नाही. लाल पाकीट पर्समध्ये ठेवलं आणि यंत्राचं मोजून व्हायच्या आत 'होय' दाबलं.